घरी एडिट केलेला व्हिडिओ डीव्हीडीवर घेताना आवाज बिघडतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आजही लग्न, मुंज, साठीशांत, शाळेचं गॅदरिंग झालं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आम्हाला डीव्हीडी करून दे." महालातल्या, इतवारीतल्या कितीतरी घरांत टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर अजून जागेवर आहे आणि मोठ्या माणसांना तोच सोयीचा वाटतो. मोबाइलवर शूटिंग आणि कॉम्प्युटरवर एडिटिंग करणाऱ्यांना डिस्क बनवताना सगळ्यात जास्त छळतो तो आवाज. चित्र थोडं धूसर असलं तरी माणसं बघून घेतात. आजोबांनी दिलेला आशीर्वाद ऐकूच आला नाही तर मात्र ती डिस्क पुन्हा कुणी लावत नाही. म्हणून इथे फक्त आवाजाचे प्रश्न घेतले आहेत.

दोष डिस्कमध्ये आहे की माझ्या फाइलमध्ये, हे कसं ओळखायचं?

दुसरी कोरी डिस्क फोडण्याआधी हेच शोधा. आवाज चार ठिकाणी बिघडू शकतो: रेकॉर्डिंग करताना, एडिट केलेली फाइल एक्स्पोर्ट होताना, त्या फाइलचं डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये रूपांतर होताना, आणि डिस्क लिहिताना किंवा वाजवताना.

व्हिडिओच्या शेवटाकडची दोन मिनिटं निवडा. त्यात बोलणंही असावं आणि संगीतही. तीच दोन मिनिटं क्रमाने ऐका. आधी मूळ क्लिप, मग एक्स्पोर्ट केलेली फाइल. त्यानंतर डीव्हीडी बनवणाऱ्या प्रोग्रामला थेट बर्न न करता हार्ड डिस्कवर फोल्डर किंवा आयएसओ इमेज (पूर्ण डिस्कची एकच फाइल) तयार करायला सांगा. डीव्हीडीस्टायलरसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ही सोय आहे. ते फोल्डर व्हीएलसी या प्लेअर प्रोग्राममध्ये वाजवा. मग डिस्क कॉम्प्युटरमध्ये घालून ऐका आणि शेवटी टीव्हीच्या प्लेअरवर. बिघाड पहिल्यांदा जिथे ऐकू येईल, तिथेच तो झालेला असतो. प्रत्येक वेळी हेडफोन लावा, लॅपटॉपच्या बारीक स्पीकरवर निम्मे दोष लपून जातात.

माझा अनुभव असा, की लोक ज्या डिस्कला दोष देतात ती बहुतेक वेळा निर्दोष असते.

कॉम्प्युटरवर आवाज छान येतो, टीव्हीच्या प्लेअरवर फक्त चित्र. काहून?

कॉम्प्युटर जवळपास कुठलाही फॉरमॅट वाजवतो, डीव्हीडी प्लेअर तसा नाही. डीव्हीडी-व्हिडिओचे नियम ठरलेले आहेत. चित्र एमपेग-२ मध्ये हवं. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ते ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते) ४८ किलोहर्ट्झ आणि फॉरमॅट एसी-३ (डॉल्बी डिजिटल), पीसीएम (न दाबलेला आवाज) किंवा एमपी२ यांपैकी एक. मोबाइलच्या व्हिडिओत बहुधा एएसी असतो आणि गाणी एमपी३ असतात. हे दोन्ही फॉरमॅट डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत बसत नाहीत.

म्हणजे मूळ एमपी४ फाइल जशीच्या तशी डिस्कवर कॉपी केली असेल तर ती डेटा डिस्क झाली. काही प्लेअर ती उघडतील, काही चित्र दाखवून गप्प बसतील, काही उघडणारच नाहीत. डीव्हीडी ऑथरिंगचा, म्हणजे डीव्हीडी-व्हिडिओ डिस्क बनवणारा, प्रोग्राम वापरा आणि त्याच्या सेटिंगमध्ये आवाजासाठी एसी-३, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ निवडा. एसी-३ हाच सगळ्यात निर्धास्त पर्याय, कारण प्रत्येक डीव्हीडी प्लेअरला तो वाजवावाच लागतो.

डिस्क उघडून पाहिली तर ऑडिओ_टीएस फोल्डर रिकामं आहे. आवाज लिहिलाच गेला नाही का?

गेला आहे. ते फोल्डर डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या वेगळ्या प्रकारासाठी असतं आणि व्हिडिओ डिस्कमध्ये ते रिकामंच राहतं. तुमचा आवाज व्हिडिओ_टीएस फोल्डरमधल्या व्हीओबी फाइलींमध्ये चित्रासोबतच गुंफलेला आहे.

सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, तासाभराने मात्र आवाज मागे-पुढे होतो. यावर उपाय काय?

हा प्रश्न सगळ्यात चिवट आहे. त्यात सगळ्यात आधी फरक वाढत जातो की कायम तेवढाच राहतो ते बघा. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी एकेक ठळक आवाज शोधा. टाळी, नारळ फोडणं, मंगलाष्टकांनंतरच्या टाळ्या, काहीही चालेल. तिन्ही ठिकाणी चित्र आणि आवाज यांत किती फ्रेमचा फरक आहे ते मोजा. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद.

फरक वाढत असेल तर पहिला संशयित म्हणजे मोबाइलचा बदलता फ्रेम रेट. मोबाइलवर ३० फ्रेम असं लिहिलेलं असलं तरी तो प्रत्येक सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम घेत नाही. प्रकाश कमी झाला की कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि फ्रेम कमी करतो. संध्याकाळच्या लॉनवरच्या रिसेप्शनमध्ये हे हमखास होतं. आवाज मात्र घड्याळासारखा एकाच गतीने नोंदला जातो. एडिटिंगचा किंवा डीव्हीडीचा प्रोग्राम सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालतो आणि दोघांची वाट हळूहळू वेगळी होते.

उपाय एडिटिंगच्या आधी करायचा असतो. प्रत्येक क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममध्ये घाला, व्हिडिओच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट ठरवून द्या आणि तो स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडा. मग याच नव्या क्लिप टाइमलाइनवर घ्या. क्लिपचा फ्रेम रेट बदलता आहे की स्थिर, हे मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्राम सरळ सांगतो. मी कुणाचंही फुटेज हातात आलं की आधी तिथेच बघतो.

दुसरं कारण म्हणजे २९.९७ आणि ३० यांची गल्लत. फरक हजारात एकाचा, पण तासाभरात तो ३.६ सेकंदांवर जातो. तुमच्या डिस्कवर तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास घसरण असेल तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये हे दोन आकडे तपासा.

तिसरं कारण जुन्या कॅसेटचं. व्हीएचएस किंवा हँडिकॅमची टेप कॉम्प्युटरवर घेताना मशीन मंदावलं की मधल्या फ्रेम गळतात. चित्र तेवढं आखूड होतं, आवाज पूर्ण राहतो, त्यामुळे गळती झाली तिथून पुढे आवाज मागे पडत जातो. हे दुरुस्त करण्यापेक्षा इतर सगळे प्रोग्राम बंद करून टेप पुन्हा घेणं सोपं जातं. टेप पुन्हा चालण्याच्या अवस्थेत नसेल तर फाइल भागाभागांत कापा आणि प्रत्येक भागाचा आवाज वेगळा सरकवून जुळवा.

एडिटिंग पूर्ण झालंय आणि पुन्हा सगळं करायला वेळ नाही, असं असेल तर आणखी एक वाट आहे. फरक शेवटपर्यंत एकसारख्या गतीने वाढत असेल तर पूर्ण आवाज वेगळा काढून ऑडॅसिटी या आवाज एडिट करण्याच्या प्रोग्राममध्ये त्याचा टेम्पो (वेग) तितक्या टक्क्यांनी बदला. टेम्पो बदलल्याने आवाजाची पट्टी बदलत नाही. मोबाइलची घसरण मात्र बरेचदा एकसारखी नसते, तिथे हा उपाय अर्धवट पडतो.

माझ्या डिस्कवर फरक वाढत नाही, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत आवाज थोडा उशिराच येतो.

आधी दुसऱ्या टीव्हीवर लावून बघा. मोठे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतात तेव्हा चित्र उशिरा येतं, ब्लूटूथ साउंडबार लावला तर आवाज उशिरा येतो. अशा वेळी टीव्हीच्या किंवा साउंडबारच्या ऑडिओ डिले सेटिंगमध्ये काम होऊन जातं.

एक कारण शूटिंगच्या जागेतही असतं. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात मागच्या रांगांतून झूम करून गॅदरिंग शूट केलं, तर मंचावरचा आवाज कॅमेऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३० मीटरवर जवळपास ९० मिलिसेकंद, दोन फ्रेमपेक्षा जास्त. सभागृहात बसून ते जाणवत नाही, झूम केलेल्या चित्रात मात्र चेहरा जवळ येतो आणि आवाज लांबचाच राहतो. टाइमलाइनवर आवाज दोन फ्रेम आधी येईल असा ओढा.

सरकवताना एवढं ध्यानात ठेवा, की आवाज चित्राच्या आधी येणं कानाला जास्त खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाला कळतं, उशीर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत ध्यानात येत नाही. त्यामुळे नेमकं जुळत नसेल तर आवाज किंचित मागे राहू द्या.

सगळ्यांचा आवाज बारीक आणि घाईघाईचा येतोय.

सॅम्पल रेट चुकीचा वाचला गेला आहे. सीडीवरची गाणी ४४.१ किलोहर्ट्झची असतात. ती नीट रूपांतर न करता ४८ची आहेत असं समजून वाजवली तर वेग जवळपास ९ टक्क्यांनी वाढतो आणि पट्टीही चढते. जुन्या मिनी-डीव्ही हँडिकॅममध्ये ३२ किलोहर्ट्झचाही एक मोड होता, त्याचं असं झालं तर वेग थेट दीडपट होतो. टाइमलाइनवर आणण्याआधी सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झ वेव्ह फाइलमध्ये बदलून घेतला की हा घोळ होत नाही.

हेडफोनवर भाषण ऐकू येतं, टीव्हीवर मात्र बोलणाऱ्याचा आवाजच गायब. मागचा गलका मात्र येतो.

हा दोष पहिल्यांदा भेटला की माणूस चक्रावतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कार्यक्रमात साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घेऊन कॅमेऱ्याला जोडली असेल, तर शंका इथेच घ्या. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमध्ये एकच आवाज दोन तारांवर येतो, एकीवर सरळ आणि दुसरीवर उलटा. मिक्सरसारखं यंत्र त्या दोन तारांमधला फरक घेतं आणि वाटेतली खरखर त्यातून निघून जाते. कॅमेऱ्याची हेडफोनसारखी पिन मात्र एका तारेला डावा आवाज समजते आणि दुसरीला उजवा. रेकॉर्डिंगमध्ये डावीकडे सरळ आवाज, उजवीकडे तोच उलटा.

हेडफोनवर दोन कानांना दोन वेगळे आवाज मिळतात, म्हणून बोलणं ऐकू येतं, फक्त डोक्यात विचित्र पसरल्यासारखं वाटतं. एका स्पीकरच्या साधनावर, किंवा टीव्ही दोन्ही बाजू एकत्र करतो तिथे, सरळ आणि उलटा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. लोकांचा गलका तेवढा उरतो, कारण तो दुसऱ्या माइकमधून आलेला असतो.

खात्री करायला ऑडॅसिटीमध्ये ट्रॅक मोनो (दोन्ही बाजू एकत्र) करून बघा. आवाज गेला तर निदान पक्कं. मग स्टिरिओ ट्रॅकचे दोन भाग करा, एक काढून टाका आणि उरलेला दोन्ही बाजूंना ठेवा. एकाच कानात आवाज येण्याच्या तक्रारीवरही हाच इलाज आहे. पुढच्या वेळी वायर जोडल्यावर तिथल्या तिथे एका कानाने नाही, दोन्ही बाजू एकत्र करून ऐका.

गाणी कानठळ्या बसवतात आणि बोलणं ऐकायला रिमोटवर आवाज वाढवावा लागतो.

एडिट करताना गाण्यांच्या तयार फाइली आधीच खूप मोठ्या आवाजात बनलेल्या असतात, मोबाइलवर नोंदलेलं बोलणं मात्र लहान असतं. सर्वोच्च टोक बघून दोन्ही सारखी केली तरी कानाला ती सारखी लागत नाहीत, कारण कान सरासरी ऐकतो. ऑडॅसिटीमधलं लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरा. आधी बोलण्याचे भाग एका पातळीवर आणा आणि मग गाणी त्यांच्या हिशोबाने खाली घ्या. बोलण्याखाली गाणं असेल तर ते भरपूर खाली घ्या, एडिटरला वाटतं त्याहून जास्तच. टोकं शून्य डेसिबलला भिडू देऊ नका, एक-दोन डेसिबल जागा सोडा.

पूर्ण डिस्कच बाजारातल्या डिस्कपेक्षा कमी आवाजात वाजत असेल तर एसी-३ मधलं डायलॉग लेव्हल नावाचं सेटिंग बघा. एन्कोडरमध्ये तो आकडा उणे २७ असेल तर प्लेअर आवाज ४ डेसिबलने उतरवतो, उणे ३१ ठेवला तर काहीच उतरवत नाही. घरगुती डिस्कसाठी उणे ३१ ठेवा.

रेकॉर्डिंगमध्ये कूलरची घरघर आहे. ती काढता येईल?

उन्हाळ्यातल्या नागपूरच्या प्रत्येक घरगुती व्हिडिओत कूलर बोलतोच. पारा ४५ अंशांच्या वर असताना तो बंद कराच असं कसं म्हणणार? पण आशीर्वाद, सत्काराचे दोन शब्द, एखादं गाणं एवढ्या वेळापुरता बंद केला तर एडिटिंगचं मोठं काम वाचतं. तेही शक्य नसेल तर कुणी बोलत नसताना नुसत्या कूलरचा आवाज आठ-दहा सेकंद रेकॉर्ड करून ठेवा.

ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनमध्ये तो तुकडा नमुना म्हणून द्या आणि मग पूर्ण ट्रॅकवर ६ ते १२ डेसिबल एवढीच कपात करा. घरघर पूर्ण पुसायच्या मागे लागलात तर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायला लागतं. थोडा कूलर राहू द्या. वायरमधून आलेली गुणगुण वेगळी असते. ती विजेच्या ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते आणि तेवढ्याच हर्ट्झवर फिल्टर लावला की जाते. कूलरचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, तिथे तो फिल्टर चालत नाही.

मारबतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ केला. ढोल-ताशांच्या जागी नुसती फरफर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीत एवढा गजर असतो की मोबाइलचा माइक भरून जातो आणि आवाजाची टोकं कापली जातात. ऑडॅसिटीत क्लिप फिक्ससारखा इफेक्ट थोडं सांधून देतो, पण कापलेला आवाज पूर्ण परत येत नाही. आवाजाची पातळी हाताने ठरवू देणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा आणि ती शूटिंगच्या आधी चांगली खाली घ्या. वाजंत्र्यांपासून दहा पावलं मागे उभं राहिलात तरी फरक पडतो. लग्नाच्या वरातीतल्या डीजेलाही हेच लागू.

काही ठिकाणी आवाज अडखळतो, तुटतो.

बर्न करण्याआधीच्या फोल्डरमध्ये तो तिथेच तुटत असेल तर दोष रूपांतराचा. तिथे सगळं सुरळीत असेल आणि प्लेअरवरच तुटत असेल तर आधी बिटरेट (सेकंदाला किती डेटा लागतो ते) तपासा. डीव्हीडीवर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला १०.०८ मेगाबिटची मर्यादा आहे. पीसीएम स्टिरिओ आवाज एकटाच १.५ मेगाबिटहून अधिक खातो. त्यात चित्र ९ मेगाबिटचं ठेवलं तर मर्यादा ओलांडली जाते आणि जुने प्लेअर अडखळतात.

दोन तासांच्या व्हिडिओचा हिशोबच बघा. ४.७ जीबीच्या डिस्कवर चित्र आणि आवाज मिळून सरासरी ५.२ मेगाबिट मिळतात. पीसीएम ठेवलं तर चित्राला ३.७ उरतात, एसी-३ २२४ किलोबिटवर ठेवलं तर ५. घरगुती बोलण्या-गाण्याला तेवढं एसी-३ पुरेसं असतं, वाचलेले बिट चित्राला द्या.

बिटरेट ठीक असेल तर डिस्कच्या लिखाणाकडे वळा. सगळ्यात जास्त वेगाने बर्न करू नका, १६ एक्सची डिस्क ८ किंवा ४ एक्सवर लिहा, बर्ननंतर तपासणीचा पर्याय चालू ठेवा आणि डिस्क फायनलाइझ करा, म्हणजे तिचं लिखाण बंद करून ती प्लेअरला वाचण्याजोगी करा. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क जुन्या प्लेअरला नीट वाचता येत नाहीत, भेट द्यायला त्या नकोत. लिहिलेली डिस्क मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. तिच्यातला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो.

मेन्यूवरचं गाणं वाजतं, पण मुख्य व्हिडिओ मुका.

रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबून बघा, कदाचित दुसरा रिकामा ट्रॅक निवडला गेला असेल. तसं नसेल तर मेन्यू आणि व्हिडिओ यांच्या आवाजाचे फॉरमॅट वेगळे झालेत. दोन्हीकडे एसी-३ करा.

होम थिएटरला जोडल्यावर आवाज येत नाही किंवा नुसता खर्रर्र येतो.

प्लेअरच्या सेटअपमध्ये डिजिटल आउटपुट बिटस्ट्रीमवर असेल, म्हणजे प्लेअर एसी-३ न उलगडता तसाच पुढे पाठवत असेल. जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला एसी-३ उलगडता येत नसेल तर ते पीसीएमवर न्या.

डिस्कऐवजी पेनड्राइव्ह दिली तर या भानगडी संपतील का?

बऱ्याच संपतील, सगळ्या नाही. आजच्या टीव्हीसाठी एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एमपी४ फाइल ठेवा, ती जवळपास सगळीकडे वाजते. जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या यूएसबी पोर्टला मात्र ती बहुधा कळत नाही, आणि काही टीव्ही पेनड्राइव्हवरचा एसी-३ वाजवत नाहीत. ओठांची घसरण, उलटा आवाज, कूलरची घरघर हे दोष फाइलमध्येच असतात, ते पेनड्राइव्हवरही सोबत जातात. मी नातेवाइकांना डिस्क आणि पेनड्राइव्ह दोन्ही देतो. एडिटिंगचा प्रोजेक्ट आणि मूळ क्लिप वेगळ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवतो, म्हणजे कुणाच्या प्लेअरवर काही अडलं तर त्याच्यापुरती नवी डिस्क काढता येते.